आरोग्यमंत्री साहेब, इंजेक्शन घ्यायचं कसं ते शिकवायला पण कोणीतरी नेमा

माननीय आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझी आई अकरा वर्षं इन्शुलिन घेतेय. पहिली काही वर्षं ती बेंबीच्या उजव्या बाजूला एकाच जागी टोचायची, कारण जागा बदलत राहायची असते हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मग तिथे कातडीखाली चरबीची गाठ झाली, आणि गाठीत टोचलं की दुखत नाही म्हणून ती परत परत तिथेच टोचायची. गाठीतून इन्शुलिन कधी पटकन शोषलं जातं तर कधी तसंच पडून राहतं, त्यामुळे साखर एक दिवस ३०० आणि दुसऱ्या दिवशी ५५, आणि डॉक्टर नुसता डोस वाढवत गेले. शेवटी एका नर्सताईंनी पोटावर हात फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, जागा बदला पण आधी डॉक्टरांना विचारून डोस कमी करून घ्या, चांगल्या कातडीतून औषध पूर्ण लागू पडतं, साखर एकदम खाली येईल. तसंच झालं, डोस खरंच कमी करावा लागला.

म्हणजे बाटलीत काय आहे याच्याइतकंच ते कुठे जाऊन पडतं याला महत्त्व आहे. शिरेत दिलेलं लगेच रक्तात, स्नायूत दिलेलं बऱ्यापैकी लवकर कारण तिथे रक्तपुरवठा जास्त, आणि कातडीखालच्या चरबीत दिलेलं हळूहळू. ग्लार्जिन नावाचं इन्शुलिन तर याच गोष्टीवर चालतं, इंजेक्शनच्या पेनमध्ये ते आम्लधर्मी आणि पाण्यासारखं स्वच्छ असतं, कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण होतात आणि ते दिवसभर थोडे थोडे विरघळत राहतात. पण तेच चुकून स्नायूत गेलं तर भलत्या वेळी साखर उतरू शकते, म्हणून तर ४ मिलिमीटरची छोटी सुई आली, मोठ्या माणसांना जाड असो की बारीक तेवढी पुरते. हे आम्हाला किती उशिरा कळलं!

आणि आता तर इंजेक्शनं फार झपाट्याने बदलतायत साहेब. रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून राहणारं आठवड्यातून एकदाच घ्यायचं इन्शुलिन आलंय. एचआयव्ही होऊ नये म्हणून लेनाकॅपाविर नावाचं इंजेक्शन वर्षातून फक्त दोनदा, तेही पोटाच्या कातडीखाली, २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आफ्रिकेतल्या गांबियात गोवर-रुबेलाची लस बारीक सुयांच्या पॅचमधून लहान बाळांना देऊन बघितली, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले आणि ते चांगले आहेत. मला याचा मनापासून आनंद होतो, रोज सुई टोचून घेणाऱ्याच्या घरात राहिलं की आठवड्यातून एकदा म्हणजे काय ते कळतं. पण सहा महिने टिकणारं औषध एकदा आत गेलं की बाहेर काढता येत नाही, आठवड्याचा डोस चुकून दोनदा घेतला तर त्याचा त्रास एका रात्रीत संपत नाही. म्हणजे इंजेक्शनं कमी होतील पण प्रत्येक इंजेक्शन नीट देणं जास्त महत्त्वाचं होईल.

म्हणून माझी मागणी एवढीच, औषध खरेदीचं बजेट करताना सुया आणि शिकवण त्याच बजेटमध्ये धरा. तीच सुई परत परत वापरतात लोक, टोक वाकतं, दुखतं, गाठीही त्याने वाढतात, आणि ती पुरवून का वापरतात तर सुया वेगळ्या विकत घ्याव्या लागतात म्हणून. आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात दर भेटीला कोणीतरी पेशंटचं पोट आणि मांडी हाताने तपासू दे, दोन मिनिटं लागतात, मशीन लागत नाही. ज्या नर्सताईंनी आईची गाठ ओळखली त्यांना हे कोणी कोर्समध्ये शिकवलं नव्हतं, त्या स्वतःच्या अनुभवातून शिकल्या होत्या. बाकीच्यांना तरी आता शिकवा.

आपली नम्र,
इन्शुलिन घेणाऱ्या एका आईची मुलगी