फिट येण्याआधी की आल्यावर?

महोदय,

माझ्या मुलीला नववीपासून फिट येतात. आता ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गोळ्या वेळेवर चालू आहेत, तरी मधूनच एखादी येतेच. फिट दोन मिनिटांत ओसरते, पण पुढची कधी येईल ही धास्ती घरातून हलत नाही. आमच्या न्हाणीघराला आतून कडी नाही. गॅसपाशी तिला एकटीला उभं राहू देत नाही. म्हणून फिटची पूर्वसूचना देणाऱ्या यंत्राची बातमी दिसली की मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

मनगटावरची घड्याळं ‘फिट ओळखतात’ असं छापून येतं. खरं तर ती फिट सुरू झाल्यावर हाताचे झटके टिपून घरच्यांना कळवतात. रात्री त्याचा मोठा आधार आहे. पण आधी सांगणं ही फार अवघड गोष्ट. मेलबर्नच्या डॉ. मार्क कुक यांच्या गटानं 2010-11 मध्ये 15 रुग्णांच्या कवटीच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावर, त्याच्या विद्युतलहरी टिपणारे इलेक्ट्रोड बसवले. हातातल्या छोट्या यंत्रावर लाल दिवा लागला की धोका जास्त, निळा लागला की कमी. निष्कर्ष 2013 मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. इशारे सुरू करण्याइतकी खात्री 11 जणांतच मिळाली. त्यांच्यात 65 ते 100 टक्के फिटची चाहूल आधी लागली. काहींना त्या यंत्राचा त्रासही झाला. आणखी एक कळलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या फिट आणि यंत्रानं टिपलेल्या फिट यांचा मेळ बसत नव्हता. कितीतरी फिट खुद्द रुग्णालाही कळत नाहीत.

पुढे 2018 मध्ये, मेंदूत कायमचं यंत्र बसवलेल्या रुग्णांच्या नोंदींतून दिसलं की फिटचा धोका अनेक दिवसांच्या चक्रात चढतो-उतरतो. पुष्कळांत हे चक्र 20 ते 30 दिवसांचं असतं, आणि ते पुरुषांतही आढळतं. ‘पाळीचं असेल’ म्हणून मुलींची तक्रार उडवून लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

असं यंत्र आपल्यासारख्यांच्या हाती कधी येईल ते येवो. तोवर आमच्याकडे वही आहे. तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, चुकलेली गोळी, सगळं तीत लिहिलेलं असतं. ती अपुरी आहे हे मेलबर्ननं दाखवलंच, तरी मुलीचं चक्र शोधायला घरात दुसरं साधन नाही. ओपीडीच्या गर्दीत ती क्वचितच उघडली जाते. मेंदूविकारतज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे, गोळीचा डोस बदलण्याआधी ती पानं चाळा.

आणि आपल्याला विनंती ही, की अशा यंत्राची बातमी देताना ते फिट येण्याआधी सांगतं की आल्यावर, आणि किती जणांवर करून पाहिलं, एवढं नक्की छापा. ते वाचून लोक कर्ज काढून वस्तू घेतात.

– एक आई, जि. सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)