अवयवदान समन्वयक ताईंना, अतिदक्षता विभागातल्या सिस्टरांकडून

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

अपघातात मेंदू गेलेल्या आमच्या त्या रुग्णासाठी रात्री फोन लागल्या लागल्या तुम्ही विचारलंत, "दर तासाला लघवी किती होतेय?" याआधी आलेले फोन 'नातेवाईक दानाला तयार आहेत का' याच्या पुढे जायचे नाहीत. त्या एका प्रश्नावरून आम्हाला कळलं, पलीकडे काम जाणणारं माणूस आहे.

ज्यांनी मेंदूमृत रुग्ण, म्हणजे मेंदू कायमचा थांबलेला पण यंत्राच्या आधारावर हृदय चालू असलेला, सांभाळलेला नाही त्यांना यातली निकड कळायची नाही. मेंदू मेला की मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावणारं संप्रेरक थांबतं. मग तासाला तीनशे-चारशे मिली लघवी, बॅग रिकामी करायला हात पुरत नाहीत. रक्तातलं सोडियम १५५ च्या वर गेलं की ते यकृत दुसऱ्याच्या शरीरात नीट चालेल याची खात्री उरत नाही. रक्तदाब बसतो, अंग गार पडत जातं. व्हॅसोप्रेसिन, म्हणजे तेच संप्रेरक बाहेरून, वेळेत सुरू करायचं, जेवढं बाहेर गेलं तेवढं आत द्यायचं, गरम ब्लँकेट घालायचं, आणि तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतलेला शंभरचा हिशेब सांभाळायचा: वरचा रक्तदाब शंभरच्या वर, लघवी तासाला शंभर मिलीच्या आसपास, रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब शंभर, हिमोग्लोबिन लिटरला शंभर ग्रॅम, म्हणजे आपल्या रिपोर्टवरचं दहा. उजाडेपर्यंत तुम्ही आकडे विचारत राहिलात आणि एकदाही 'तुम्हीच बघून घ्या' म्हणाला नाहीत. पूर्वी एका घरच्यांनी संमतीवर सही केली होती, तरी पहाटे हृदय थांबलं, कारण रात्रभर बॅगेकडे कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांना 'तांत्रिक कारण' एवढंच ऐकवलं गेलं. ते तोंड लपवणं आम्ही विसरलेलो नाही.

आभार मात्र मुख्यतः खोक्याच्या त्या झाकणाचे.

सकाळी तुम्ही आलात, ग्लोव्हजच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलंत आणि आतल्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनाने दोनच ओळी लिहिल्यात: मेंदूमृत्यूची पहिली तपासणी, दुसरी तपासणी, समोर वेळा. दोन्हींत किमान सहा तासांचं अंतर कायद्यानेच ठरलेलं आहे, हे सांगितलंत. चार डॉक्टर सही करतात आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला त्यात एकही नसतो, हेही. पहिली तपासणी लगेच का नाही, तर झोपेच्या औषधांचा असर पूर्ण उतरल्याशिवाय ती करता येत नाही, शरीर फार गार असेल तरीही नाही. नातेवाइकांना हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ऐकवलं होतं, "ब्रेन डेड आहे, पण प्रयत्न चालू आहेत." याचा अर्थ कुणीही काय लावणार? प्रयत्न चालू आहेत म्हणजे आशा आहे. मग कोमातून उठलेल्या कुणाकुणाच्या गोष्टी निघतात आणि अवयवांचा विषय काढणारा माणूस त्यांना वैरी वाटतो.

रुग्णाच्या तळपायाला हात लावला आणि बोटं वळली, तेव्हा काकू ओरडल्या, "हलला!" आमच्यातली एक गप्प उभी राहिली असती, दुसरी 'रिफ्लेक्स आहे' म्हणून मोकळी झाली असती. तुम्ही काकूंना जवळ घेतलंत आणि सांगितलंत की ही हालचाल पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची आहे, उद्याही होईल, मेंदूपर्यंत ती पोचतच नाही. मग डॉक्टरांना विचारून मोठ्या भावाला श्वासाच्या तपासणीच्या वेळी पलंगाशी उभं केलंत. आधी भरपूर ऑक्सिजन, मग व्हेंटिलेटर बाजूला, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू, छाती उघडी. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर जातो तरी छाती हलत नाही. भावाने ते स्वतः पाहिलं. त्यानंतर त्या घरात मृत्यूबद्दल वाद उरला नाही.

आणि दुसरी तपासणी होऊन त्या चार डॉक्टरांच्या समितीच्या सह्या पडेपर्यंत तुम्ही दानाचा शब्द काढला नाहीत. आधी मृत्यू, मग त्यांचं रडणं, मग विचारणं. घाई करणाऱ्यांनी हे शिकून घ्यावं. काही ठिकाणी विचारतात ते बिलाच्या खिडकीजवळ उभं करून, आणि मग म्हणतात लोक मागासलेले आहेत!

विचारलंत तेव्हा झाकणावर आणखी चार ओळी आल्या: अवयववाटप, थिएटर, शवविच्छेदन, ताब्यात मिळण्याची वेळ. म्हणालात, "नाही म्हणालात तर या चारांतल्या पहिल्या दोन ओळी खोडते, बाकी कागद हाच. कुणी काही बोलणार नाही." लोकांचं अर्धं भय तर वेळेचंच असतं. माती कधी, पाहुण्यांना काय कळवायचं, रात्र झाली तर? थिएटरची वेळ पुढे गेली, कारण हृदय काढल्यापासून चार ते सहा तासांत दुसऱ्या छातीत चालू व्हावं लागतं आणि येणाऱ्या चमूचा प्रवास त्यात बसवावा लागतो. मूत्रपिंडाला चोवीस तासही चालतात, म्हणून ते शेवटी. अपघाताची केस असल्याने पोलिसांचे कागदही होते. दर वेळी तुम्ही स्वतः खाली उतरलात, जुन्या वेळेवर एकच रेघ मारलीत आणि शेजारी नवी लिहिलीत. जुनी दिसत राहिली. लपवलं काहीच नाही, म्हणून शेवटची वेळ त्यांनी खरी मानली, आणि ती खरी ठरलीही.

संमतीनंतरचा देह सांभाळण्याचा खर्च घरच्यांवर येत नाही, हे तुम्ही बिल काढणाऱ्यांना नियम दाखवून पटवलंत. पैसा देणं-घेणं दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही मामांना शांतपणे सांगितलंत. मामा विचारत होते ते लोभाने नाही, पोरांच्या शाळेच्या काळजीने. तुम्ही ते ओळखलंत.

हे उघडं पत्र लिहितोय ते इतरांनीही वाचावं म्हणून. नोट्टोच्या, म्हणजे अवयवदानाचं काम पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, संकेतस्थळावर आधार क्रमांकाने प्रतिज्ञा नोंदवा, जरूर नोंदवा. पण आमच्या विभागात कार्ड खिशातून निघालं तरी सही घरच्यांचीच लागते. तेव्हा बायकोला, भावाला, मोठ्या मुलीला तोंडाने सांगून ठेवा. हृदय, यकृत, मूत्रपिंडं यांसाठी मृत्यू व्हेंटिलेटरवर, अतिदक्षता विभागात व्हावा लागतो. घरी गेलेल्या माणसाचे डोळे मात्र देता येतात: सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन, पापण्या मिटून वर ओला कापूस, पंखा बंद, डोक्याखाली उशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह असला, चष्मा असला तरी चालतं.

ते झाकण मोठ्या भावाने घडी घालून नेलं. आम्ही त्यावरून एक तक्ता छापून घेतलाय, सहा ओळी आणि प्रत्येक ओळीत खोडून पुन्हा लिहायला तीन जागा. एक प्रत सोबत पाठवतो. समितीच्या सह्यांसाठी वेगळी ओळ हवी की दुसऱ्या तपासणीतच धरायची, यावर आमच्यात एकमत नाही. तेवढं बघून कळवा.

आपल्या,
अतिदक्षता विभागातल्या सिस्टर