करारांचे फोटो पुरे, पोरांना जरा कारखाने दाखवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मधनं मधनं एक फोटो येतो, आता तर वाचकांना पाठ झाला असेल. एका बाजूला कॉलेजवाले, एका बाजूला कंपनीवाले, मध्ये टेबल, टेबलावर फाइल, आणि खाली ओळ की सामंजस्य करार झाला, विद्यार्थ्यांना रोजगाराच्या संधी मिळणार. त्या लोकांबद्दल मला काही वाकडं बोलायचं नाही, चांगल्याच मनाने करत असतील. पण मी सोलापुरात अक्कलकोट रोडला शाळेचे युनिफॉर्म शिवायचा छोटा गारमेंट चालवतो, आमच्या लाइनीतल्या प्रत्येक गाळ्याला माणूस पाहिजे, ओव्हरलॉकवर पाहिजे, काजा-बटणला पाहिजे, कटिंगला तर मिळतच नाही, आणि आमच्याच मागच्या गल्लीतली बारावी झालेली पोरं सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला डिलिव्हरी करायला निघालीयत. मग करार नक्की कुणाचा कुणाशी झाला?

आता लगेच आमचे मालक मित्र म्हणतील की पोरांनाच काम नको, मोबाइल पाहिजे, दोन महिने टिकत नाहीत. हे मी रोज चहाच्या टपरीवर ऐकतो. अहो पण यंत्रमागावर बारा तासाची पाळी, पगार कधी हातात येईल त्याची खात्री नाही, पीएफचं विचारलं की मालकाचा चेहरा बदलतो, आणि शिकवणारा कुणी नाही, नुसतं 'बघ आणि कर'. असल्या ठिकाणी मी तरी माझा पोरगा पाठवीन का? नाही पाठवणार. तेव्हा पोरं कामाला तयार नाहीत असं म्हणायच्या आधी आपले कारखाने पोरं घ्यायला तयार आहेत का ते पण बघायला पाहिजे, आणि हे मी आमच्या लोकांच्या शिव्या खाऊन लिहितोय.

सोलापुरात पूर्वी हे सगळं आपोआप व्हायचं. 1877 साली इथं पहिली कापड गिरणी सुरू झाली, आपण जिला जुनी मिल म्हणतो ती, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू वगैरे आल्या. बाप कामाला, पोरगा दुपारी डबा द्यायला जायचा, खात्यातले चार लोक ओळखायचे, मोठा झाला की बदली कामगार म्हणून नाव लागायचं आणि जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, हाताला धरून शिकवायचा, चुकलं तर कानफटायचा पण. ते काय फार न्यायाचं होतं असं नाही, ज्याची ओळख नाही त्याला गेटच्या आत कोण घेणार, आणि बायका बिचाऱ्या घरात विड्या वळायला. पण निदान पोराला माहीत असायचं की कापड कसं तयार होतं, कोण काय काम करतं, कुठल्या कामाला किती पैसे. गिरण्या बंद पडल्या तशी ती साखळी पण तुटली, आणि तिच्या जागी आपण काहीच उभं केलं नाही. आज दहावीच्या पोराला विचारा, चिंचोळी एमआयडीसीत काय बनतं? गाडीच्या इंजिनाचे सुटे भाग इथनं परदेशात जातात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याला माहीत काय, तर पोलीस भरती, तलाठी भरती आणि पुणे.

एक प्रसंग सांगतो, त्याशिवाय मी काय म्हणतोय ते कळणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांसाठी 10 दिवस दप्तराविना ठेवायचे म्हणून लिहिलंय, त्या दिवसात सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे पोरांनी जाऊन काम बघायचं, करायचं. आमच्या जवळच्या एका शाळेतले गणिताचे सर त्यावरून आठवीची पोरं घेऊन आमच्याकडे आले. मला वाटलं दहा मिनिटं बघतील, फोटो काढतील, बिस्किटं खातील आणि जातील. आमचे कटिंग मास्तर सातवी शिकलेले, बोलायला फटकळ. त्यांनी टेबलावर कापडाचे थर टाकले होते, 58 इंच पन्ह्याचं, वर मार्करचा कागद, म्हणजे शर्टाचे भाग कसे कापायचे ते आखलेला. एका पोरीने विचारलं की एक बाही सरळ आणि एक उलटी का काढलीय. मास्तर म्हणाले तूच सांग. पोरं टेबलाभोवती गोळा झाली. उलटी ठेवली की एका बाहीचा गोल दुसऱ्या बाहीच्या खोलगट जागेत बसतो, मध्ये कापड वाया जात नाही, हे त्यांनी बोट फिरवून फिरवून शोधून काढलं. मग मास्तरनी दुसरं टाकलं, चेक्सचं कापड असलं तर असं चालेल का, वर-खाली उलटं? परत शांतता. मग तीच पोरगी म्हणाली, नाही चालणार, रेघा जुळणार नाहीत. मग हिशोब, एका शर्टामागं तीन सेंटिमीटर कापड वाचलं तर पाचशे शर्टांत किती वाचलं? पंधरा मीटर. शर्टाला सव्वा मीटर धर, किती शर्ट जास्त निघाले? बारा. बारा शर्टाचं कापड नुसतं डोकं चालवून! आणि मजा म्हणजे यातलं अर्धं तेलुगूत चाललेलं, कारण पूर्व भागातली निम्मी पोरं घरी तेलुगूच बोलतात आणि मास्तर पण पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातले. सरांनी जाताना वापरलेले मार्करचे कागद मागून नेले, वर्गात क्षेत्रफळ शिकवायला.

पुढच्या वर्षी कुणीच आलं नाही. सर बदलून गेले होते. मी स्वतः शाळेत जाऊन विचारलं तर नव्या लोकांना असं काही झालं होतं हेच माहीत नव्हतं, कुठं नोंदच नव्हती, आणि तेव्हा ते बिचारे निवडणुकीच्या याद्यांच्या कामात अडकलेले. शिक्षकांना दोष द्यायचा नाहीये मला, त्यांच्या मागं कामं किती लावलीयत ते सगळ्यांना दिसतं. पण आपलं सगळं असंच चालतं, एक हौशी माणूस असतो तोवर चालतं, तो गेला की संपलं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे हौशी माणसाच्या खांद्यावरनं काढून त्या भागातल्या शाळा, कारखानदार आणि पालक यांच्या कायमच्या कामात घाला, वहीत लिहा, तारीख ठरवा, बदली झाली तरी चालू राहील असं करा.

आणि त्याला नवी समिती नको हो, समित्या ढीगभर आहेत. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आहे, त्यात 75 टक्के पालक पाहिजेत, सदस्यांत निम्म्या बायका पाहिजेत. सरकारी आयटीआयमध्ये इन्स्टिट्यूट मॅनेजमेंट कमिटी असते, तिचा अध्यक्षच उद्योगातला माणूस. आपलं विद्यापीठ 2004 साली झालं ते फक्त एका जिल्ह्याचं, लोकांनी तेव्हा नावं ठेवली की एवढंसं विद्यापीठ कशाला, पण मला तर ती सोयच वाटते, अक्कलकोट ते करमाळा एवढाच पसारा, ठरवलं तर कुठल्या तालुक्यात कुठला धंदा आणि कुठल्या कॉलेजात किती पोरं याचा नकाशा भिंतीवर लावून काम करता येतं. तिन्ही गोष्टी आहेत, फक्त एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दोन-तीन महिन्यांतनं एकदा एकाच सतरंजीवर बसा, चहा माझ्याकडनं.

मुंबईहून जीआर यायची वाट बघायची पण गरज नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतनं रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड टाकायचं सुरू केलं आणि ते राज्याच्या पुस्तकांत गेलं, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकली. म्हणजे आपल्या जिल्ह्यातनं वर जाऊ शकतं, सगळं वरनं खालीच यायला पाहिजे असं नाही.

आता पैशाचं. अप्रेंटिसचा, म्हणजे शिकाऊ कामगारांचा, कायदा 1961 पासून आहे. 2019 च्या बदलानंतर 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याने 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यायलाच पाहिजेत, आणि 4 ते 29 माणसंवाल्या आमच्यासारख्यांना पण घेता येतात, सक्ती नाही. केंद्राच्या योजनेतनं स्टायपेंडचा 25 टक्के भाग, जास्तीत जास्त 1500 रुपये, सरकार देतं. हे आमच्या लाइनीत किती जणांना माहितीय? विचारून बघा. आणि माहीत झालं तरी पोर्टलवर नोंदणी, पोराचं आधार, बँक खातं, करारपत्र, दर महिन्याची हजेरी हे कोण भरणार, आमच्याकडे हिशोब लिहायला येणारा माणूसच आठवड्यातनं दोनदा येतो. मोठ्या कंपनीला एचआर असतो. आम्हा छोट्यांनी मिळून एक माणूस ठेवला, दहा-पंधरा गाळ्यांत एक, तर सगळं सुटतं. हे काम आमच्या संघटनांनी करायचं आहे, सरकारच्या नावाने बोटं मोडून उपयोग नाही. राज्याची पण मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 पासून आली, बारावीला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीला 10000, पैसे सरकारचे. चांगलंय. पण त्या महिन्यांत पोराला शिकवलं काय हे कुणी विचारलं नाही तर ते नुसतं फुकटचं मनुष्यबळ झालं, झेरॉक्स काढायला आणि चहा सांगायला.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामावरच्या खर्चाचं, पण तसंच. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के खर्च करावे लागतात, त्यातनं शाळेला बेंच येतात, आरओ येतो, कॉम्प्युटर येतात, कोनशिला बसते. कॉम्प्युटर नकोत असं नाही. पण त्याच कंपनीतला एक फिटर, एक क्वालिटीवाली मुलगी, एक स्टोअरकीपर महिन्यातला एक शनिवार सकाळ शाळेत आला तर त्या बेंचवर बसणाऱ्याला काहीतरी मिळेल. माणसाचा वेळ द्यायला कंपन्या का कचरतात ते मला खरंच कळत नाही, त्याला तर खर्च पण कमी.

मेंटॉर मेंटॉर म्हणून जे चाललंय त्याबद्दल दोन शब्द. मोठ्या हॉलमध्ये पाचशे पोरं बसवून कुणीतरी स्वप्नं मोठी बघा म्हणून सांगायचं, याला मेंटॉरिंग म्हणू नका प्लीज. पोराला पाहिजे असतं ते फार साधं असतं. नववीतनं गळायला लागलाय, त्याला कुणीतरी फोन करून विचारायला पाहिजे, का रे आला नाहीस. दहावीनंतर आयटीआयचा फॉर्म कधी सुटतो, फिटर दोन वर्षाचा आणि वेल्डर एक वर्षाचा, आपल्याला कुठला झेपेल, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐनवेळी सेतूत लाइन लागते. हे सांगणारं माणूस शिकलेल्याच्या घरात फुकट मिळतं, विडी कामगाराच्या घरात मिळत नाही. कुंभारीच्या रे नगरमध्ये कामगारांची हजारो घरं झाली, जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांनी 15000 घरांच्या चाव्यांचा कार्यक्रम केला, तिथल्या पोरापोरींना हे कोण सांगतंय? रिटायर झालेले बँकवाले, एसटीवाले, नर्स, जुने जॉबर सोलापुरात रग्गड आहेत, संध्याकाळी तलावावर चकरा मारत असतात. त्यांच्यातल्या एकाने चार पोरं धरायची आणि दोन वर्षं सोडायची नाहीत, नववी ते दहावीनंतरची ॲडमिशन एवढं. भेटायचं ते शाळेतच, शिक्षकांच्या समोर, आणि मेंटॉर होणाऱ्याची पोलीस पडताळणी झालेली पाहिजे, मुलींच्या आईबापाला भरवसा वाटला तरच ते पाठवतील, उगाच संशय घेतला म्हणून कुणी रुसू नये.

संपादक साहेब, तुम्हाला पण एक काम सांगतो, रागावू नका. कराराचा फोटो जरूर छापा, पण वर्षानी तिथं परत वार्ताहर पाठवा. किती पोरं आत गेली, किती टिकली, पगार काय मिळाला, आणि जी सोडून गेली ती का गेली. सोडून गेलेल्यांना तर आधी विचारा. ही बातमी पहिल्या पानावर नाही आली तरी चालेल, आतल्या पानावर आली तरी पुढचा करार करणारा दहा वेळा विचार करून सही करेल.

जाता जाता आमच्या धंद्यातली एक अडचण मुख्याध्यापकांसाठी लिहितो. फेब्रुवारी ते जून आमचा सीझन, रात्री उशिरापर्यंत मशिनी चालू, तेव्हा पोरं आणली तर आम्ही त्यांच्याकडे बघू पण शकणार नाही आणि मास्तर तर अंगावर येतील. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत या. एका वेळी पंधरा-वीसच पोरं आणा, पन्नास आणू नका, कटिंग टेबलाभोवती तेवढीच उभी राहतात आणि मागच्याला काही दिसत नाही. शनिवारी सकाळी नऊला या, दहानंतर आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. आणि येताना गणिताच्या सरांना नक्की आणा.

आपला,
एक गारमेंटवाला, अक्कलकोट रोड, सोलापूर