जन्मतारखेच्या चाकावर टेकलेला कायदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांना लागलेल्या रील्सच्या नादाबद्दल बोलणे निघाले की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात: आईबापांचे लक्ष नाही, किंवा सरकारने बंदी घालावी. नळ सोडून ठेवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. फरशी पुसायला मात्र सगळ्या घराला जुंपले जाते. या तिसऱ्या घटकाबद्दल, म्हणजे ॲप बनवणाऱ्या कंपन्यांबद्दल हे पत्र आहे.

आधी यंत्र कसे चालते ते पाहू. पूर्वी संकेतस्थळाचे पान संपत असे आणि खाली 'पुढचे पान' असे बटण असे. त्या क्षणी हात थांबायचा, आईची जेवायची हाक कानावर पडायची. आताच्या फीडला, म्हणजे ॲपवर एकामागून एक येणाऱ्या व्हिडिओंच्या ओळीला, तळच ठेवलेला नाही. व्हिडिओ आपोआप सुरू होतो, अंगठा वर सरकवला की पुढचा हजर. लाइक दाबायचीही गरज नाही. कोणत्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलात, कोणता पुन्हा पाहिला, कोणता अर्ध्यात सोडला यावरून पुढचा माल ठरतो. पाच-सहा फालतू व्हिडिओंनंतर एखादा झकास लागतो, तो कितवा असेल हे ठाऊक नसते. मटक्याच्या आकड्याला असते तीच ओढ इथे असते. स्नॅपचॅटवरचा 'स्ट्रीक', म्हणजे दोघांनी एकमेकांना रोज न चुकता स्नॅप (फोटो किंवा व्हिडिओ) पाठवण्याची सलग मोजणी, तर २४ तासांत दोघांनी स्नॅप पाठवला नाही की तुटतो. म्हणून परीक्षेच्या दिवसांत मुले स्ट्रीक सांभाळायला मित्राकडे पासवर्ड देऊन ठेवतात.

हे यंत्र आवरणे कंपन्यांना जमत नाही असे नाही. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात किशोरांसाठी वेगळी खाती आणली. त्यांत खाते मुळातच खासगी असते, ६० मिनिटांनी बाहेर पडण्याची सूचना येते, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प राहतात आणि १६ वर्षांखालील मुलाला यातले काही सैल करायचे तर पालकाची परवानगी लागते. सूचना आली तरी बोटाने बाजूला सारता येते, हा दोष सोडला तरी सोय कामाची आहे. पण ती मिळते कोणाला? ज्याने आपले वय खरे सांगितले त्याला.

आणि वय सांगायचे कुठे, तर खाते उघडताना समोर येणाऱ्या जन्मतारखेच्या चाकावर. दिवस, महिना, वर्ष. सातवीतला मुलगा वर्षाच्या चाकाला एक झटका देतो, ते गरगरत २००० च्या आसपास थांबते, 'पुढे' दाबले की तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा बाप्या झाला. दोन सेकंदांचे काम. बरे, किमान वय तेराच का, तर त्याचे मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यात आहे. १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा करू नये, एवढेच त्यात म्हटले होते. मुलाचे मन तेराव्या वर्षी रील्स पचवण्याइतके पक्व होते, असे त्यात कोणीही कुठेही म्हटलेले नाही.

आपला कायदा खरे तर याहून कडक आहे, आणि ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. कलम ९ सांगते की बालकाचा डेटा वापरण्याआधी पालकाची पडताळणी करता येईल अशी संमती घ्यावी. पुढे, बालकाच्या वर्तनावर पाळत ठेवू नये आणि त्याच्यावर नेम धरून जाहिराती करू नयेत. उल्लंघनाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आता 'वर्तनावर पाळत' हे शब्द सरळ अर्थाने वाचा. अंगठा किती सेकंद थांबला हे मोजून पुढचा व्हिडिओ निवडणे ही पाळत नाही, तर दुसरे काय? म्हणजे १८ खालच्या मुलाला वैयक्तिक पसंतीचे फीड दाखवणेच मुळात वादात सापडते. कंपन्यांना हे समजते. त्याच कलमात, मुलांचा डेटा सुरक्षितपणे हाताळणाऱ्या कंपनीसाठी वयोमर्यादा खाली आणण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. पुढची सगळी रेटारेटी तिथे होणार, त्यावर वृत्तपत्रांनी नजर ठेवावी.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुलांसंबंधीच्या तरतुदींना त्यात १८ महिन्यांची मुदत दिली गेली. मुदतीपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. पालक खरा आणि सज्ञान आहे का, हे तपासण्याची रीत नियमांत आहे. डिजिलॉकरसारखा (सरकारी कागदपत्रे फोनवर ठेवण्याच्या सोयीसारखा) मार्गही आहे. पण समोरचा मूल आहे हे कळणार कसे, तर त्याने किंवा पालकाने सांगितले तर. मुलाने चाक फिरवले की पालकाला विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दार भक्कम, कडी मात्र पोराच्याच हाती.

ऑस्ट्रेलियाने हा भार उचलून कंपन्यांवर टाकला. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. कंपनीने वाजवी उपाय योजले नाहीत तर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. मुलाला किंवा पालकाला मात्र कोणतीही शिक्षा नाही. जबाबदारीची ही वाटणी योग्य आहे. तरी तो कायदा जसाच्या तसा इथे आणून भागणार नाही, कारण तो खाते पकडतो आणि आपल्याकडची बरीच मुले खाते उघडतच नाहीत. ती आईच्या फोनवर, आईच्या खात्यावर बघतात. ग्रामीण भारतातील शिक्षणाच्या 'असर २०२४' पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के मुलांनी. त्यांतल्या अनेकांचा फोन स्वतःचा नव्हता.

म्हणून आमची मागणी अशी की मूल शोधत बसू नका, यंत्र बदला. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ सर्वांसाठीच मुळात बंद असावा. ठरावीक मिनिटांनी फीड खरोखर थांबावे आणि पुढे जायला बटण दाबावे लागावे. रात्रीची नोटिफिकेशन गप्प असावीत. ज्या प्रौढाला हे नको, त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे, कोण अडवतो? यात कोणाचे आधार कार्ड मागावे लागत नाही, चेहरा स्कॅन करावा लागत नाही आणि आईच्या फोनवर बघणाऱ्या मुलालाही आपोआप संरक्षण मिळते.

तोवर घरात काय करावे? ॲपची रोजची वेळ ठरवणारा टायमर बहुतेक जण लावतात आणि तो आठवड्यात निकामी होतो, कारण त्याच फोनवर तो काढताही येतो. त्यापेक्षा गृहपाठासाठी फोन द्यायचा तर 'ॲप पिनिंग' वापरा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'पिन' असे शोधले की बहुधा सापडते. ते चालू करून, हवे ते ॲप उघडून, अलीकडच्या ॲपच्या यादीत त्याच्या चिन्हावर दाबून 'पिन' निवडायचे. फोन त्या एकाच ॲपमध्ये अडकतो. 'सोडवताना पिन (म्हणजे फोनचा गुप्त आकडा) विचारा' ही चौकट मात्र आधी चालू करा, नाहीतर पोरे दोन मिनिटांत सोडवतात. यूट्यूबची वॉच हिस्टरी (आधी पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद) पुसून बंद केली की मुख्य पान कोरे होते, शोधल्याशिवाय काही समोर येत नाही. नुसती बंद केली आणि जुनी पुसली नाही तर मागचेच रतीब चालू राहते. आयफोनवर स्क्रीन टाइमचा (ॲपवर वेळेची मर्यादा घालणाऱ्या सोयीचा) पासकोड फोनच्या पासकोडहून वेगळा ठेवा. ॲप काढून टाकले तरी तेच संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडते, तेही बघा. आणि सकाळी स्वतःचे फीड चाळा. तुम्ही कधीही न पाहिलेले गेमचे किंवा मारामारीचे व्हिडिओ अचानक दिसू लागले, तर रात्री फोन कोणाकडे होता ते समजते.

शाळांचाही यात वाटा आहे. गृहपाठ रात्री साडेआठला व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आणि पालकसभेत मोबाइलच्या दुष्परिणामांवर व्याख्यान द्यायचे, हे दोन्ही एकाच शाळेने करू नये. गृहपाठ वर्गात, वहीत लिहून द्यावा.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा नियम गावाने स्वतःला घालून घेतला. त्यातली खुबी अशी की तो मोठ्यांनाही लागू आहे. बाप शेजारी बसून रील्स बघत असेल तर पोराच्या पुस्तकात मन कसले लागणार? शहरातल्या सोसायट्यांना भोंगा परवडत नाही असे नाही.

फोन काढून घेतल्यावर मूल दिवसेंदिवस जेवत-झोपत नसेल, अंगावर धावून येत असेल किंवा स्वतःला इजा करून घेण्याची भाषा करत असेल, तर ते हट्ट समजून दामटू नये. १४४१६ या 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क, मराठीतून बोलता येते.

आपले,
मुलांच्या डिजिटल सुरक्षिततेवर काम करणारे काही शिक्षक व संगणक अभियंते, पुणे