शुभाला पत्र: मुक्ताचं एपी आणि माझी राहिलेली डिग्री

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय शुभा,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. तुझ्या मुक्ताला त्या एजंटनं सांगितलं की एपीच्या (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या) चार-पाच परीक्षा दे, अमेरिकेत आख्खं वर्ष वाचेल, आणि तू लगेच वाचलेल्या फीचा हिशेब मांडून मोकळी! फोनवर हे धड बोलणं होणार नाही. तुझ्याकडे दुधवाला येतो, माझ्याकडे मीटिंग सुरू होते. म्हणून सविस्तर लिहितेय. आणि या क्रेडिटच्या (म्हणजे शिकलेला विषय पदवीच्या हिशेबात धरण्याच्या) भानगडीत मी स्वतःच सध्या नाकातोंडापर्यंत बुडालेली आहे, त्यामुळे सल्ला द्यायचा थोडा हक्क मला आहे.

एजंट खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. एपी म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा द्यायची. निकाल 1 ते 5 मध्ये. इथवर सगळं खरं. पण परीक्षा घेते एक संस्था आणि क्रेडिट देतं भलतंच कॉलेज, आणि प्रत्येक कॉलेजचा कायदा निराळा. इलिनॉय राज्यात सरकारी कॉलेजांना 3 आले तरी क्रेडिट द्यावंच लागतं, तसा कायदाच आहे. नावाजलेली विद्यापीठं 4 किंवा 5 मागतात. आणि डार्टमथसारखं कॉलेज 2018 साली पदवी घेणाऱ्या तुकडीपासून एपीचं क्रेडिट पदवीत धरतच नाही. फार तर पहिला सोपा कोर्स सोडून वरच्या वर्गात बसू देतात. म्हणजे 5 मिळवूनही वर्ष तेवढंच आणि फीही तेवढीच. आमच्या शेजारच्या मुलाचं पाहिलं ना! गणितात 5 आले, म्हणून घरी पेढे वाटले. पुढे मेडिकलला जायचं ठरल्यावर कळलं की बरीच मेडिकल कॉलेजं पूर्वतयारीच्या विषयांना एपी चालवून घेत नाहीत, तो विषय कॉलेजात बसूनच केलेला हवा. बसला परत वर्गात.

त्यात मुक्ताचं वेळापत्रक बघ. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची बोर्डाची परीक्षा, मग सीईटीचा घोळ, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात एपी. चार विषय कशाला? जे तिला मनापासून आवडतात ते एक-दोन करू दे. आपल्या बारावीच्या मार्कांवर इथे सहसा क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे एपीचा मोह होणं समजू शकतं. पण आधी तिला कुठल्या पाच-सहा कॉलेजांत अर्ज करायचाय ते ठरवा, प्रत्येकाचा एपीचा तक्ता उघडून बघा आणि मगच एजंटला पैसे द्या. तो तक्ता ही मंडळी आपल्या साइटवरच ठेवतात, विषयवार: अमुक गुणांना अमुक कोर्स माफ. दहा मिनिटांचं काम आहे.

आता माझं. तुला माहीतच आहे, एस.वाय. झालं आणि लग्न झालं. इथे आले ती डिपेंडंट व्हिसावर, मग मुलं, मग त्या अकाउंटिंगच्या ऑफिसात नोकरी. बढतीच्या प्रत्येक फॉर्मवर 'बॅचलर्स डिग्री आहे का' हा रकाना. शेवटी धाकटी हायस्कूलला गेल्यावर म्हटलं, आता बास.

इथली बॅचलर्स म्हणजे साधारण 120 क्रेडिट्स. एक विषय एक सत्र शिकला की बहुतेक 3. प्रश्न होता, आपल्या त्या दोन वर्षांचे किती धरतात? त्यासाठी मार्कशीट कॉलेजला नुसती दाखवून चालत नाही. भारतातल्या शिक्षणाचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था आहेत, डब्ल्यूईएस, ईसीई वगैरे. त्यांच्याकडून विषयवार अहवाल करून घ्यावा लागतो. नुसता 'दोन वर्षं शिकली' असा एकगठ्ठा अहवाल स्वस्तात मिळतो, पण क्रेडिटसाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. कागद विद्यापीठाकडून थेट त्यांच्याकडे जावे लागतात, सीलबंद. तिकडची धावपळ दादानं केली, त्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

खरी गंमत नावाची. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. इथल्या कागद तपासणाऱ्या बाईंना ते म्हणजे दोन निराळ्या बायका वाटल्या! लग्नाचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, नोटरी, सगळं जोडलं तेव्हा त्या दोघी एक झाल्या. मुक्ताला आत्तापासून सांगून ठेव: बारावीचा फॉर्म, पासपोर्ट, कॉलेज बोर्डाचं खातं, सगळीकडे नाव अक्षरन् अक्षर तेच हवं. 'मुक्ता'च्या स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक ए आणि दुसरीकडे दोन, असले लाड नकोत.

अहवाल आला आणि मी दोनदा वाचला. अर्थशास्त्राला मला 62 होते, आठवतंय? तू मला रडताना पाहिलंयस त्या निकालाला. इथे आपल्या 60 च्या वरच्या मार्कांना चक्क 'ए' देतात! आपल्याकडे पेपर कसे तपासतात हे या लोकांना ठाऊक आहे म्हणायचं. अकाउंट्स, अर्थशास्त्र, कॉमर्स, सगळं धरलं. मराठीचा पेपरसुद्धा ऐच्छिक विषय म्हणून धरला. मर्कंटाइल लॉ मात्र नुसता मोकळ्या खात्यात गेला, म्हणजे इथल्या कुठल्या ठराविक विषयाच्या बदल्यात धरला नाही, कारण भारताचा करार कायदा घेऊन इथे काय करणार? एकूण पन्नासच्या आसपास क्रेडिट्स पदरात पडले.

उरलेल्यांतले काही मी क्लेपनं काढतेय. परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायचं हे एपीचंच मोठ्यांसाठीचं भावंड, घेणारी संस्था तीच, कॉलेज बोर्ड. 1967 पासून चालू आहे. 34 विषय, बहुतेक परीक्षा नव्वद मिनिटांच्या, कॉम्प्युटरवर. गुण 20 ते 80 मध्ये आणि साधारण 50 ला पास धरतात. हे 50 म्हणजे 50 टक्के नव्हेत, त्यांची मोजपट्टीच वेगळी आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. फी शंभर डॉलरच्या आतबाहेर, वर सेंटरचे थोडे. तोच विषय कॉलेजात बसून शिकायचा तर याच्या कितीतरी पट. आणि मॉडर्न स्टेट्स नावाची एक ना-नफा संस्था आहे, ती ऑनलाइन कोर्स फुकट देते आणि तो पुरा केला की परीक्षेच्या फीचं कुपनही देते. लष्करातल्या लोकांना तर परीक्षाच फुकट.

सेंटरवर मोबाईल, घड्याळ, पर्स, सगळं लॉकरमध्ये. कच्च्या कामाला कागद त्यांचाच, तोही जाताना मोजून परत. कॅल्क्युलेटर स्क्रीनवर. शेवटचं बटण दाबलं की तिथल्या तिथे गुण समोर. आपण महिनोन्महिने निकालाची वाट बघायचो, इथे श्वास घ्यायलाही वेळ नाही. शेजारी एक सत्तरीचे आजोबा बसले होते, ते गुण बघून मोठ्यांदा हसले आणि सुपरवायझरनं त्यांना दटावलं.

मला मॅक्रोइकॉनॉमिक्सही द्यायची हौस होती, म्हटलं येतंय तर देऊन टाकू. कॉलेजच्या अॅडव्हायझर बाईंनी अडवलं. अर्थशास्त्राचे क्रेडिट्स अहवालातून आधीच आलेत, तोच विषय पुन्हा केला तर दुसऱ्यांदा धरत नाहीत, पैसे पाण्यात. मग त्यांनी माझ्या पदवीचा आराखडा काढला आणि कुठल्या चौकटी रिकाम्या आहेत ते दाखवलं. त्यात निघाला अमेरिकेचा इतिहास! वसाहतींपासून 1877 पर्यंत. इथल्या मुलांना तो लहानपणापासून पाठ, आपल्याला चौथीचे शिवाजी महाराज असतात ना, तसा. मी मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावर यादवी युद्धाच्या सनावळ्या घोकत होते आणि लेक माझी उजळणी घेत होती.

क्लेपनं आख्खी पदवी होत नाही, हेही लक्षात घे. बहुतेक परीक्षा पहिल्या दोन वर्षांच्या विषयांच्या. वरच्या पातळीचे विषय शिकावेच लागतात, आणि बरीच कॉलेजं म्हणतात की निदान 30 क्रेडिट्स आमच्याकडेच करा. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी काही विद्यापीठं जास्त मोकळी आहेत. आमच्या ट्रेंटनला थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी आहे, 1972 सालची, खास अशाच लोकांसाठी काढलेली. फारसा शाळेत न गेलेल्या माणसाचं नाव विद्यापीठाला, हे मला फार आवडतं. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची पदवी करून पुढे जायचं असेल तर न्यू जर्सीत 2008 पासून करार आहे, राज्याच्या सरकारी विद्यापीठांनी ते क्रेडिट्स घ्यायचे. राज्याबाहेर गेलात की पुन्हा ज्याचा त्याचा कायदा.

खरं सांगू? परीक्षेतून मिळालेलं क्रेडिट आणि वर्गातून मिळालेलं क्रेडिट कागदावर सारखं, पण मला सारखं वाटत नाही. बिझनेस रायटिंगचा कोर्स मी मुद्दाम वर्गात बसून करतेय. वीस वर्षांची पोरं माझ्या ईमेलचे वाभाडे काढतात, आणि ते बरोबर असतं. तिथे परीक्षेनं सुटका करून घेतली असती तर माझंच नुकसान. म्हणूनच मुक्ताच्या बाबतीत 'वर्ष वाचेल' हा मुद्दा मला तितकासा पटत नाही. अठराव्या वर्षी कॉलेजातलं वर्ष वाचवून करायचंय काय? पैसे वाचत असतील तर गोष्ट वेगळी, आणि ते त्या तक्त्यावरून कळेलच.

तिकडे भारतातही आता हे वारं आलंय म्हणे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) क्रेडिट साठवून ठेवायची बँक 2021 पासून आहे, आणि 'स्वयम' या सरकारी साइटवरचे ऑनलाइन कोर्स 40 टक्क्यांपर्यंत धरता येतात. फक्त त्या बँकेत क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, त्यामुळे आपल्या पिढीची मार्कशीटं तिथे काही चालायची नाहीत.

आता तुझ्याकडे एक काम. स्टॅटिस्टिक्सचा माझा एस.वाय.चा पेपर अजून लटकलाय. त्यात नेमकं काय शिकवलं होतं याचा छापील अभ्यासक्रम मागतायत. तू काही फेकत नाहीस. माळ्यावरच्या ट्रंकेत आपल्या वर्षाची ती पिवळी पुस्तिका असेल, तर मुखपृष्ठ आणि स्टॅटिस्टिक्सची सगळी पानं, विद्यापीठाचं नाव आणि साल दिसेल असे फोटो काढून पाठव. कोपरे कापू नकोस, कागद तपासणाऱ्या बाई फार कडक आहेत. नसेल तर लगेच कळव, म्हणजे दादाच्या मागे लागते.

मुक्ताला म्हणावं, कॉलेजांची यादी झाली की मला थेट मेसेज कर. तक्ते आपण दोघी मिळून बघू. काकूंना नमस्कार.

तुझी,
मेधा