मूळ लिव्हर कापू नका, असे लिहून दिले होते

दिनांक: 14 जुलै 2025

प्रति,
व्यवस्थापक,
शस्त्रदुरुस्ती विभाग

विषय: .22 बोअर बीएसए मार्टिनी रायफलची मूळ लिव्हर माझ्या लेखी सूचनेविरुद्ध कापल्याबद्दल

महोदय,

सात जुलैला मी तुमच्या दुकानातून माझी रायफल परत घेतली. नाशिकची गाडी गाठायची होती, म्हणून रजिस्टरवर सही केली, उरलेले पैसे दिले आणि खोळ न उघडताच निघाले. रात्री घरी टेबलावर फडके अंथरून रायफल बाहेर काढली, तेव्हा माझे हातपायच गळाले. जी एक गोष्ट करू नका म्हणून मी बजावले होते, नेमकी तीच झाली होती. मूळ लिव्हर, म्हणजे बार भरताना खाली ओढायचा दांडा, मधोमध कापून तिला नवे शेपूट वेल्ड केले आहे.

काम देताना तुमच्याच छापील कागदावर मी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: "मूळ लिव्हर जशीच्या तशी परत हवी. तिच्यावरून माप घेऊन दुसरी लिव्हर बनवावी." त्याखाली तुमच्या कारागिरांची सही आहे. त्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे.

ही रायफल म्हणजे बीएसए या ब्रिटिश कंपनीचे मॉडेल 12/15, दर वेळी एकच काडतूस हाताने भरायची मार्टिनी पद्धतीची रायफल. दादांनी ती क्लबातल्या एका वयस्कर नेमबाजाकडून परवान्याच्या सगळ्या नोंदी करून विकत घेतली होती. त्यांच्यानंतर वारस म्हणून परवाना माझ्या नावे झाला. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तेव्हा तिथेही मी ती तेल पुसून, नव्या फडक्यात गुंडाळून दिली होती. दादांच्या हातात ती चपखल बसायची. माझा पंजा लहान आहे. बार टाकून लिव्हर खाली ओढताना माझी बोटे तिच्या टोकापर्यंत नीट पोचत नाहीत, आणि परत वर दाबताना तळहाताच्या गादीची कातडी लिव्हर आणि मूठ यांच्यात चिमटते. प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरायच्या, पोझिशनमध्ये 60 बारांची मॅच असते. दर बाराला लिव्हर ओढताना कोपर दोन सूतही सरकले, तर पोझिशन पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागते. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचे असते. त्यामुळे लिव्हरचे टोक थोडे लांब आणि थोडे बाहेर वळलेले हवे, एवढीच माझी गरज होती.

पण किती लांब, ते मी अंदाजाने सांगितले नव्हते. रेंजवरच्या चटईवर पालथे पडून, पुठ्ठ्याचे चार नमुने कापून, लिव्हरला दोऱ्याने बांधून पाहिले होते. लिव्हर पूर्ण खाली आल्यावर टोक चटईपासून बोटभर वर राहायला हवे, या हिशेबाने चौथा नमुना पक्का केला आणि तो तुम्हाला दिला. तुम्ही बसवलेले शेपूट त्या पुठ्ठ्यापेक्षा 12 मिलिमीटर जास्त लांब आहे.

बारा मिलिमीटरने काय होते ते सांगते. मार्टिनीचा ब्लॉक, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा, मागच्या बाजूला पिनवर टांगलेला असतो आणि लिव्हर ओढली की त्याचे पुढचे तोंड खाली झुकते. रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा एक्स्ट्रॅक्टर मात्र या हालचालीच्या अगदी शेवटी काम करतो. ब्लॉक शेवटच्या टप्प्यात त्याच्यावर आपटतो, तेव्हाच पुंगळी सुटते. आता लिव्हरचे टोक आधीच चटईला टेकते आणि तो शेवटचा टप्पा येतच नाही. पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकते. रेंजवर पहिल्या दिवशी मी 40 बार टाकले, त्यातल्या बहुतेक पुंगळ्या नखाने ओढून काढल्या. अंगठ्याचे नख अजून काळे आहे.

एवढ्यावर थांबले असते, तर जास्तीचे शेपूट कापा म्हणून मी परत आले असते. खरे नुकसान आत झाले आहे. आता लिव्हर बंद असताना बोटाने हलवली तर ब्लॉकही तिच्यासोबत किंचित खाली-वर होतो. पूर्वी तो दगडासारखा बसायचा. हे जाणवले त्या क्षणी मी रायफल वापरणे बंद केले. ब्लॉक पूर्ण वर आलेला नसताना बार टाकणे म्हणजे स्वतःच्या चेहऱ्याशी खेळणे आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझा मावसभाऊ तीस वर्षे टूलरूममध्ये आहे. त्याच्यासमोर पिन काढून लिव्हर बाहेर घेतली. बाहेरचा भाग तुम्ही काळा करून छान चमकवला आहे. आतला दुबेळका भाग, म्हणजे ज्याच्या दोन शिंगांवर ब्लॉक पेलला जातो तो, मात्र पुसायचा राहून गेला. तिथे वेल्डच्या बाजूने आत येणारे रंगांचे पट्टे स्पष्ट दिसतात. आधी निळा, मग जांभळा, मग शिंगांच्या टोकाला गवती पिवळा. पोलाद साधारण 230 अंशांना पिवळे पडते आणि 300 च्या आसपास निळे होते. या लिव्हरला केस हार्डनिंग, म्हणजे फक्त वरचा थर कडक करण्याची प्रक्रिया, केलेली असते, ही कडक कातडी मिलिमीटरचा अंशच असते, आणि एवढ्या उष्णतेने ती पूर्वीइतकी कडक राहत नाही. भावाने शिंगाच्या ब्लॉकला न लागणाऱ्या कडेवर कानस हलकेच फिरवली. कडक पोलादावर कानस काचेवरून फिरल्यासारखी घसरते. इथे ती लागली आणि बारीक चुरा पडला. तो चुरा मी कागदाच्या पुडीत जपून ठेवला आहे.

वेल्डिंग करायचेच होते, तर शिंगांभोवती ओले फडके गुंडाळणे किंवा उष्णता ओढून घ्यायला तांब्याचा ठोकळा लावणे ही साध्या फॅब्रिकेशनवाल्यालाही ठाऊक असलेली गोष्ट आहे. तीही केलेली दिसत नाही.

फोनवर मला सांगण्यात आले की, "जुन्या रायफलीच्या लिव्हर कोण वेगळ्या बनवतं, आहे तीच वाढवतात." हे मला मान्य नाही. सिंगल-शॉट टार्गेट रायफलीची लिव्हर नेमबाजाच्या हाताप्रमाणे करून घेणे हे शंभरहून जास्त वर्षे चालत आले आहे. अमेरिकेत शुट्झेन प्रकारात 200 यार्डांवर उभ्याने नेम धरणारे लोक मार्लिनच्या बॅलार्ड, विंचेस्टर 1885, स्टीव्हन्सच्या आयडियल अशा रायफलींना बोटे टेकवायला वळसे आणि शिंगे असलेल्या लिव्हर वापरायचे. त्या रायफलींत लिव्हर हाच चापाचा गार्ड असतो, त्यामुळे नेम धरताना अख्खा हात लिव्हरवरच असतो. आपल्या मार्टिनीत गार्ड वेगळा आहे, पण तत्त्व तेच. लिव्हर पिन काढून सुटणारा भाग आहे. म्हणूनच दुसरी बनवून बसवता येते आणि मूळ लिव्हर डब्यात जपता येते. ईएन 36 या केस हार्डनिंगला चालणाऱ्या पोलादाच्या पट्टीतून कापून, कानसून, केस हार्डनिंग करून घ्यायची. जास्तीचे पैसे द्यायला मी तयार होते, तसे बोललेही होते.

आणखी एक. बॉडीवरचा बीएसएचा शिक्का, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, तुमच्या बफिंग चाकाने पुसट झाला आहे. बॉडीला हात लावायचे कामच नव्हते. क्रमांक सुदैवाने वाचता येतो. तोही घासला गेला असता, तर 1959 च्या शस्त्र कायद्याखाली उत्तर मला द्यावे लागले असते.

रायफल मी पुन्हा तुमच्या हाती देणार नाही. माझ्या मागण्या अशा आहेत. कापलेला मूळ तुकडा भंगारात गेला नसेल, तर तो शोधून मला परत पाठवा. त्याचे वजन किंवा किंमत नगण्य असली तरी लिव्हर पूर्वपदावर आणणाऱ्याला तो लागणार आहे. वेल्डिंगला कोणता फिलर रॉड वापरला आणि नंतर काही हीट ट्रीटमेंट केली का, हे लेखी कळवा. ही माहिती नसेल तर पुढचा माणूस अंधारात काम करेल. कामाचे घेतलेले 11,800 रुपये पूर्ण परत करा, आणि दुसऱ्या परवानाधारक कारागिराकडे लिव्हर दुरुस्त करून घ्यायचा खर्च त्याच्या बिलाप्रमाणे द्या. कागदावर सही असताना सूचना का पाळली गेली नाही, याचेही उत्तर मला हवे आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. तोपर्यंत लिव्हर आहे त्या स्थितीत, हात न लावता ठेवली आहे. तुमच्या माणसाला पाहायची असेल, तर आधी कळवून नाशिकला घरी यावे.

आपली,
परवानाधारक ग्राहक, नाशिक

सोबत: सही केलेल्या कामाच्या कागदाची प्रत, पावतीची प्रत, पुठ्ठ्याच्या नमुन्यावर लिव्हर ठेवून घेतलेला फोटो, शिंगांवरच्या रंगांचे तीन फोटो