शेटमामा, पंखा बंद केलात त्याबद्दल

शेटमामांस सप्रेम नमस्कार.

काल दुपारी तुमच्या दुकानाशी येऊन गेले. दीड वाजला होता, शटर खाली. म्हापशात त्या वेळेला दुकान उघडं असेल असं समजणाऱ्या माणसाची चूक. पेढ्यांचा पुडा शेजारच्या फुलवालीकडे ठेवला आहे. तिने त्यातले दोन माझ्यासमोरच काढून घेतले, तेव्हा पुडा थोडा हलका लागला तर वजनात फसवलं म्हणू नका. पण पेढे देऊन हे भागत नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

तुम्हाला कदाचित एवढंच आठवत असेल, की दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी, बाजाराच्या ऐन गर्दीत, चार मुलं आणि एक मुलगी पाठीवर दप्तरं आणि हातात एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन तुमच्याकडे आली. ती मुलगी मी. माझ्या आजीच्या पाटल्या तुमच्याकडच्या, तेवढीच ओळख. त्याआधीचे तीन आठवडे आम्ही कुठे कुठे फिरलो ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगते.

आम्ही पाच कॉलेजांतली मुलं मिळून एक छोटा उपग्रह डिझाइन करायला शिकतो आहोत. क्यूबसॅट म्हणतात त्याला. १९९९ साली अमेरिकेत जॉर्डी प्विग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज या दोन प्राध्यापकांनी त्याचं माप ठरवलं : दहा सेंटिमीटरचा घन. आम्ही वजनाची जुनी, कडक मर्यादा धरून चाललो होतो, १.३३ किलो. रॉकेटवर तो एका पेटीत बसतो आणि स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते. वजन एका बाजूला कललेलं असलं तर तो गिरक्या घेतच सुटणार, म्हणून गुरुत्वमध्यसुद्धा मधल्या बिंदूपासून दोन सेंटिमीटरच्या आत हवा. आमचा अजून उडायचा नाही, जमिनीवर तपासायचं मॉडेल आहे. पण शिकायचं तर खरं माप धरूनच शिकायचं, हा हट्ट.

हे अशक्य नाही हे आम्हाला ठाऊक होतं. २०१० साली कर्नाटक आणि आंध्रातल्या सात कॉलेजांच्या मुलांनी मिळून केलेला स्टडसॅट एक किलोच्या आत होता आणि तो अवकाशात गेला. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा स्वयम २०१६ च्या जूनमध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून गेला, तोही किलोभराचाच. त्यांना जमलं, आम्हाला का जमू नये, असं आम्ही पहिल्या बैठकीत छाती काढून म्हटलं होतं.

नंतरच्या बैठकांत छाती आत गेली. फ्रेम करणारी टीम एका कॉलेजची, बॅटरी आणि सोलर पॅनल आमच्याकडे, रेडिओ तिसऱ्यांकडे, कॉम्प्युटर चौथ्यांकडे, कॅमेरा पाचव्यांकडे. प्रत्येकाची एक्सेल शीट वेगळी. कागदावर बेरीज १,२८६ ग्रॅम. सगळं पहिल्यांदा एकत्र जोडलं आणि माझ्या घरच्या किचनच्या काट्यावर ठेवलं तर १,४१० की १,४१५, तो काटा पाच-पाच ग्रॅमच्या उड्या मारतो. त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर जे झालं ते तुमच्यासारख्या माणसाला सांगण्यासारखं नाही. फ्रेमवाले म्हणाले बॅटरी जड. आम्ही म्हटलं तुमचे स्क्रू जड. रेडिओवाल्याने तर सगळ्यांनी आपापला भाग आपापल्या काट्यावर करून फोटो टाका म्हटलं, आणि पाच वेगवेगळ्या काट्यांचे पाच फोटो आले. गल्लीतला नरकासुर उभा करताना कुणी किती कागद लावला याचा हिशेब लागत नाही, सगळे मिळून चिकटवतात आणि सकाळी जाळून टाकतात. इथे प्रत्येक ग्रॅमला मालक होता आणि नेमक्या जास्तीच्या ग्रॅमचाच मालक सापडत नव्हता.

अचूक काटा हवा होता. एका मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत तो आहे, काचेच्या पेटीतला, आम्ही खिडकीतून पाहिलासुद्धा. पहिल्यांदा गेलो तर पत्र आणा म्हणाले. पत्र नेलं तर विभागप्रमुखांची सही. सही आणली तर ते रजेवर, सोमवारी या. सोमवारी गेलो तर विद्यार्थ्यांना हात लावायला परवानगी नाही. तिथल्या एका गृहस्थांनी वर न बघता विचारलं, "कॉलेजच्या प्रोजेक्टला एवढं वजन कशाला हवं? भाजीवाल्याकडे करा." बाहेर आल्यावर आमच्यातला एकजण खरोखर भाजीवाल्याकडे निघाला होता. त्याला थांबवताना मला आजीच्या पाटल्या आठवल्या.

तर शुक्रवार. दुकानात आधीच दोन बायका, एक मंगळसूत्र ओवून घ्यायला आलेली आणि दुसरी भाव विचारून घासाघीस करणारी. ऑक्टोबरचा उकाडा. तुम्ही डबा उघडून पाहिला, आतल्या गुलाबी पिशव्या पाहिल्या, आणि काय आहे हे विचारण्याच्या आधी विचारलंत, "एकूण किती व्हायला पाहिजे?" मी म्हटलं १,३३० ग्रॅम. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, एकशे चौदा तोळे. आत्ताचा दहा ग्रॅमचा तोळा नव्हे, जुना. घासाघीस करणारी बाई एकदम गप्प झाली.

तुमचा काटा सहाशे ग्रॅमच्या वर घेत नाही हे ऐकून आमची तोंडं उतरली. तुम्ही म्हणालात, मग सुटं सुटं करू या, सुट्यातच चोरी सापडते. आणि मग तुम्ही ते केलंत ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. काट्याची काच फुटलेली होती, आकडा शेवटच्या घरात नाचत होता. तुम्ही वर पाहिलंत आणि पोराला म्हणालात, "फॅन बंद कर रे."

एवढंच. फॅन बंद झाला. त्या लहानशा दुकानात, त्या उकाड्यात, दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना, पावणेदोन तास. तुमच्या सदऱ्याची पाठ ओली होऊन अंगाला चिकटली होती. मंगळसूत्रवाली बाई पदराने वारा घेऊ लागली तर तुम्ही तिला हात जोडून म्हणालात, वारा नको, भुरगीं (पोरं) उपग्रह करतात. तिने पदर खाली केला आणि मग तीही पुढे सरकून आकडे बघत बसली. एकदा तर आमच्या आधी तिनेच मोठ्याने आकडा वाचला.

ज्यांच्याकडे एअरकंडिशन खोली होती आणि काचेची पेटी होती, त्यांना आमच्यासाठी एक कुलूप उघडता आलं नाही. त्यांच्याविषयी यापुढे काही लिहीत नाही, लिहायला लागले तर पत्र त्यांचंच होईल.

तुमच्याकडून आम्ही जे शिकलो ते कुठल्या कोर्समध्ये नव्हतं. आधी रिकामी पिशवी, मग भरलेली. आमच्यातही स्वयमसारखं चुंबक आहे, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून उपग्रहाने दिशा राखावी म्हणून. ते पारड्यात ठेवताच आकडा वेडा झाला. रेडिओवाला म्हणाला काटा बिघडला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, हसला नाहीत हे तुमचे उपकार, आणि अंगठीची एक लाकडी डबी पारड्यात ठेवलीत, काटा शून्यावर आणलात, आणि चुंबक डबीच्या वर. चुंबक काट्यातल्या पोलादापासून दूर गेलं, आकडा थांबला. पुढच्या आठवड्यात आमच्या सरांनी हेच एका जाडजूड पुस्तकातून दाखवलं तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघून घेतलं.

आणि दुसरी गोष्ट. कॅमेऱ्याचा भाग आला तेव्हा कॅमेरावाला चहा प्यायला बाहेर गेला होता. मी म्हटलं, करून टाका, मी लिहून घेते. तुम्ही चिमटा खाली ठेवलात. "बाय, वजन सदांच दोगांय मुखार करचें." देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्या समोर. तो येईपर्यंत सगळे घाम पुसत बसून राहिलो. तो आला, तुम्ही काट्याचं तोंड त्याच्याकडे फिरवलंत, तेव्हाच पारड्यात ठेवलंत.

जास्तीचे १२६ ग्रॅम संध्याकाळपर्यंत सापडले. वायरी आणि कनेक्टर ५४, ते कुणाच्याच शीटमध्ये नव्हते, कारण वायर दोन टीमच्या मधे असते. स्क्रू आणि गोंद ३१. बारीकसारीक १२. आणि २९ ग्रॅम बॅटरी होल्डरचे. ते माझे. डेटाशीटमधून मी नुसत्या सेलचं वजन उतरवलं होतं, होल्डर विसरले, आणि तीन आठवडे स्क्रूवाल्यांशी भांडत होते. तो आकडा आला तेव्हा मी मान खाली घातली. तुम्ही काही बोलला नाहीत. चिठीवर २९ लिहिलंत आणि म्हणालात, पुढचं आण.

त्यानंतर आमच्यात नियमच झाला, एका टीमकडून दुसरीकडे कुठलाही भाग गेला तर दोघांच्या समोर वजन, दोघांची सही. त्या नियमाचं नाव फाइलमध्ये काहीतरी इंग्रजी आहे. आपापसांत आम्ही 'दोगांय मुखार' म्हणतो. मडगावचा फ्रेमवाला आणि मी, जे एकमेकांचे मेसेज वाचत नव्हतो, ते आता वायरीची लांबी फोनवर ठरवतो. वायरी आखूड केल्या, फ्रेमच्या भिंतींना भोकं पाडली, आता १,३१८ आहे.

पैसे विचारले तर तुम्ही घेतले नाहीत, म्हणालात सोनं असतं तर घेतले असते. जाताना आम्हाला पायलट, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाला, मिळवून दिलात आणि त्याला सावकाश चालव म्हणून दम भरलात. बिचारा बस स्टँडपर्यंत इतका सावकाश गेला की मागे गाड्यांची रांग लागली. अशी माणसं गोव्यात पूर्वी घराघरांत होती असं आजी म्हणते. आजीला सगळंच पूर्वी बरं होतं, पण या बाबतीत मला तिच्याशी वाद घालायचा नाही. एवढंच म्हणते की अजून आहेत, आणि ती बहुतेक कुठल्या बोर्डावर नाव नसलेल्या जागी बसलेली असतात. आम्ही मात्र आधी बोर्ड वाचत फिरलो.

तुमची ती पिवळी चिठी आम्ही जपून ठेवली आहे. मालाच्या जागी तुम्ही 'उपग्रह' लिहिलंत, घटीच्या, म्हणजे सोन्यातल्या तुटीच्या, जागी आडवी रेघ मारलीत, आणि खाली दुकानाचा शिक्का. परवा तपासणीला आलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी वजनाचा पुरावा मागितला तेव्हा फाइलमधून तीच काढून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मग विचारलं, काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का आहे ना? मी म्हटलं, आहे, यंदाचाच. काटा शून्यावर येण्याची वाट बघताना सगळ्यांची नजर तिथेच जात होती.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा येतो आहोत. अँटेनाची पट्टी बदलली आहे आणि कॅमेऱ्याला नवी टोपी बसवली आहे, तेवढ्यांचंच वजन करायचं. यावेळी पाचही टीमचा एकेक माणूस असेल, त्यामुळे गर्दी होईल. दुपारी चारनंतर येऊ. पंख्याच्या बटणापाशी मी उभी राहीन, पोराला दुसऱ्या कामाला लावा.

तुमची,
पाटलीवाल्या आजीची नात